बासनात गुंडाळलेली शंका

दिनांक १४, सकाळ

सर्वसाक्षी परमेश्वर मलाही खरे लिहिण्याची बुद्धी देवो.

चिरंजीव धाकटीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व कुशल. म्हणजे, तसे लिहिण्याची सवय आहे. तिसऱ्यांदा लिहायला बसलो आहे. मध्येच उठतो, खिडकी उघडतो, पुन्हा लावतो.

तू रागावून गेलीस त्या दिवशी मी म्हणालो होतो, "तुमचे विज्ञान आज एक सांगते, उद्या तेच खोडते. त्याने सत्याच्या गप्पा मारू नयेत." चपला घालता घालता तू म्हणालीस, "बाबा, स्वतःचं खोडायची तयारी आहे, म्हणून तर त्याच्यावर भिस्त ठेवायची." मी एक श्रुतिवचन ऐकवले. तू दार आपटलेस.

पुढे आईच्या गळ्यातील गाठीचा तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल निर्दोष आला, तेव्हा मात्र मला त्याच विज्ञानाचा शब्द वेदवाक्य वाटला. मग तुझे पत्र आले : नमुना अपुरा होता, काचपट्टी तू स्वतः पुन्हा पाहिलीस, शंका आहे, दोन आठवड्यांत पुन्हा तपासणी करावी.

ते पत्र मी तिला दाखवले नाही. पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवले. आज त्याला सात आठवडे झाले. फोनवर ती तुला "मी ठणठणीत आहे" म्हणाली आणि तपासणी उरकली असे तू समजलीस. मी शेजारीच बसून ऐकत होतो.

आज तिला सांगितले. ती भाजी निवडत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझा जीव घाबरा होईल म्हणून."

"माझा की तुमचा? जन्मभर लोकांना सत्य शिकवलंत, आणि घरातलं तेवढं बांधून ठेवलंत होय!" म्हणाली आणि हसली. ते हसणे मला सोसवेना.

संपूर्ण सत्य तुझ्या विद्येला गवसले आहे, असे मी आजही म्हणणार नाही. परंतु त्या विद्येने आपली चूक सहीनिशी लिहून पाठवली. ती दडवली, ती मी.

हे पत्र आजच माणसाहाती पाठवतो; उद्या नऊ वाजता आईला तुमच्या रुग्णालयात आणतो. उशीर झाला असेल, तर मला तोंडावर सांग. तिला सांगण्याचे काम तुझ्यावर ढकलणार नाही. ते मीच करीन.

तू, तुझी आई आणि पुढेमागे हे पत्र ज्यांच्या हाती पडेल ते सर्व, नकोशा उत्तरासमोर उभे राहण्याचे धैर्य तुम्हां सर्वांना लाभो.

तुझा अपराधी,
बाबा