हागुरोच्या आगीपाशी

ॲडम्सटाउन,
५ ऑक्टोबर २०२५

ती. देवयानीताईंना विनयचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना उतरायला लागलात का? मी बरा आहे. कंपनीत परत रुजू झालो. निशिगंधाला जाऊन परवा सात महिने होतील.

जपानला जाऊन आलो. बुकिंग तिनंच दोघांचं करून ठेवलं होतं. हागुरो हा त्यांचा पवित्र डोंगर. देवळापर्यंत दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना उंच देवदार. तिथले यमाबुशी, म्हणजे डोंगरातले साधू, हौशी लोकांनाही दोन-तीन दिवस सोबत नेतात. डोंगर चढणारा माणूस मेलेलाच, असं ते मानतात, म्हणून पांढरे कपडे. वाटाड्या काहीही सांगो, उत्तर एकच, ‘उकेतामो’. म्हणजे मान्य. बाकी मुकाट चालायचं. हे वाचून तुमची बहीण मला म्हणाली होती, “तुला कसलं आलंय ट्रेनिंग? एकोणीस वर्षांच्या संसारात ‘हं’शिवाय काय बोललायस?”

खरंच सोपं गेलं. पाय दुखले तेवढेच. खाली उतरल्यावर आग पेटवतात. तिच्यावरून उडी मारली की माणूस नव्यानं जन्मला. सगळे ओरडत उड्या मारत होते, सत्तरीच्या एक बाईसुद्धा. माझी पाळी आली आणि मी बाजूला झालो. वाटाड्यानं पुन्हा हात केला. मी ‘नाही’ म्हणालो.

ताई, तुमच्या व्हिसासाठी माझ्या सहीचं निमंत्रणपत्र लागत होतं. ते पोस्टात हरवलं नाही. मी टाकलंच नव्हतं. निशिगंधा रोज विचारायची, “ताईचं पत्र टाकलंस ना?” मी हं म्हणायचो. पाकीट सहा आठवडे गाडीत होतं. हॉस्पिटलच्या वाटेवर पोस्टाची पेटी लागते, रोज तिच्यावरून जायचो. तुम्ही आलात म्हणजे ती जाणार हे ठरलंच, असं माझ्या मनानं घेतलं होतं. शेवटच्या दिवशीही तिनं तुमच्या विमानाची वेळ विचारली. मी सांगितली. खोटी.

तुम्ही दर रविवारी फोनवर पोस्टवाल्यांना शिव्या घालता आणि लगेच मला विचारता, “जेवलास का रे?” ते आता ऐकवत नाही.

रविवारी घरीच असेन. फोन आला नाही, तरी मला कारण ठाऊक असेल.

नावाआधी ‘तुमचा’ लिहायला हात आज उचलत नाही.

विनय