नसलेली घाणी जमा करण्याबाबत

संदर्भ :
एक लाकडी खांब, कमरेइतका उंच, माथ्याला फिरती कडी.
कधीही न भाजलेल्या विटा.
कायमची डावीकडे झुकलेली मान.
"साहेब, तुमच्या पायाखाली तर नाही ना?"
तट्टाच्या गळ्यातली घंटा.
आपल्या कार्यालयाचा जप्तीचा आदेश.

प्रति,
माननीय नियंत्रक साहेब,
श्रमिक जनावरे नियंत्रण कार्यालय,
दुसरा मजला, कपाटांच्या मागची खोली.

विषय : आमच्या पागेत नसलेली घाणी जमा न केल्याने निघालेला सर्व जनावरांच्या जप्तीचा व लिलावाचा आदेश रद्द होणेबाबत.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मी व माझी नणंद मिळून गावाबाहेरच्या माळावर कामातून सुटलेल्या घोड्यांची आणि तट्टांची पागा चालवतो. यातले कोणी गाडीला होते, कोणी सर्कशीत, कोणी हौशी लोकांना टेकडीवर नेता नेता पाठ मोडून घेतलेले. आमच्याकडे त्यांना एकच काम आहे, ते म्हणजे चरणे, आणि तेही ती आपल्या मर्जीने करतात.

२. आपल्या आदेशात ज्याचा उल्लेख "सदर जनावर" असा आहे, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. हा तांबडा घोडा वीटभट्टीवर माती कालवणाऱ्या घाणीला जन्मभर जुंपलेला होता. भट्टी बंद पडली तेव्हा मालक त्याला घाणीसकट तिथेच सोडून गेला. आम्ही फक्त घोडा आणला. घाणीही आणली असती तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. मास्तरचे दोन्ही डोळे गेलेले आहेत. नाव नणंदेने ठेवले, कारण तो रोज तोच धडा पहिल्यापासून सुरू करतो.

३. म्हणजे असे की, मास्तर गोल चालतो. उजाडले की निघतो, ऊन डोक्यावर आले की कोणी शिटी वाजवल्यासारखा थांबतो, सावल्या लांबल्या की पुन्हा निघतो. मध्ये काही नसते. सुरुवातीला आम्ही त्याला अडवून पाहिले. तो घामाने निथळायचा, तोंडातला घास खाली टाकायचा. पशुवैद्य म्हणाले, "वहिनी, याला अडवू नका. याला एवढंच जग माहीत आहे, तेवढं तरी राहू द्या." पण त्याचे वर्तुळ सरकत सरकत ओढ्याकडे जाई आणि तो चिखलात उतरे. म्हणून आम्ही मधोमध खांब रोवला, त्यावर फिरती कडी बसवली आणि सैल दोर बांधला. तो दोर काहीही ओढत नाही. मधले ठिकाण कुठे आहे, एवढेच तो मास्तरला कळवतो.

चाऱ्याच्या वेळी दोर सोडला की चिमणी नावाचे आमचे तट्टू त्याच्यापाशी जाऊन मान हलवते. तिच्या गळ्यातल्या घंटेमागून तो दावणीपर्यंत येतो. हे तिला कोणी शिकवलेले नाही.

४. आपले निरीक्षक साहेब आले तेव्हा मास्तर चालत होता. त्यांनी फाटकातूनच पंचनामा लिहायला घेतला. त्यातील वाक्ये जशीच्या तशी देते : "एक आंधळा घोडा घाणीस जुंपलेला आढळला. घाणी आढळली नाही, त्यावरून ती लपवल्याचे दिसते. विटा आढळल्या नाहीत, त्यावरून माल बाहेर रवाना झाल्याचे दिसते." माझ्या नणंदेने यावर जे विचारले ते वर संदर्भात दिले आहे. तिचा स्वभाव फटकळ आहे. तिच्या वतीने मी क्षमा मागते. निरीक्षक साहेबांनी एक पाय उचलून खाली पाहिले, हे मात्र पंचनाम्यात नाही.

५. घाणी जमा करण्याची नोटीस आल्यावर मी आपल्या कार्यालयात आले. बाकाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाला कोणी बसले की आपण उचललो जातो. लिपिक साहेब सौजन्याने बोलले.
"बाई, मामला सरळ आहे. घाणी जमा करा, पावती घ्या, विषय संपला."
मी म्हटले, घाणी नाहीच.
"मग घाणी नसल्याचा दाखला आणा."
तो कोण देते?
"आम्हीच देतो. पण घाणी जमा झाल्यावर."
बाहेर शिपायाने पाणी दिले आणि हळूच सांगितले, "ताई, कुठून तरी एक घाणी पैदा करा. नसलेल्या वस्तूला आमच्याकडे रकानाच नाही." त्याचा सल्ला मनापासूनचा होता. मी त्या जुन्या भट्टीवर जाऊन आले. तिथे आता गवत आहे. घाणी भंगारवाल्याने कधीच नेली होती. त्याला गाठले तर तो पोट धरून हसला. "काकू, जप्तीत वस्तू जाऊ नये म्हणून लोक माझ्याकडे येतात. जप्तीत द्यायला वस्तू मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

६. त्यानंतर "घाणी तात्काळ बंद करावी" अशी दुसरी नोटीस आली. नणंद म्हणाली, "वहिनी, नाही त्याला बंद काय करायचं?" मी म्हटले, सरकारी कागद आहे, मान राखू. आम्ही खांब उपटला. मास्तरच्या पायांनी पडलेली गोल वाट नोटिशीत पुरावा म्हणून नोंदवली होती, म्हणून शेजाऱ्याचा नांगर आणून तीही मोडली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मास्तर निघाला. पहिलेच पाऊल भुसभुशीत मातीत रुतले. त्याने ते काढून घेतले. मग दुसऱ्या बाजूने टाकून पाहिले. मग तो जिथल्या तिथे थरथरत राहिला आणि आम्ही दोघींनी मिळून ओढला तरी हलला नाही. चिमणीने आणला. तेव्हापासून तो तबेल्यात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. कानाशी घंटा वाजली तरच घास घेतो.

७. निरीक्षक साहेबांचा दुसरा अहवाल, जो जप्तीच्या आदेशाला जोडलेला आहे : "घाणी बंद केल्याचे आढळले. अर्थात ती चालू होती, हे चालकांच्या कृतीवरून सिद्ध होते."

महोदय, हे वाक्य मी पुष्कळदा वाचले. त्यात कुठे बोट ठेवावे ते मला सापडत नाही.

८. लिलावाला कोण येणार, हे मी शिपायाला विचारले. तो म्हणाला, "नदीपलीकडचे भट्टीवाले. दुसरं कोण येणार, ताई?" तरी विनंती की,
आदेश रद्द व्हावा.
ते शक्य नसल्यास आपण स्वतः एकदा पागेत यावे. निरीक्षक साहेबांना पाठवू नये.
तेही शक्य नसल्यास "मोठी जनावरे" आणि "लहान जनावरे" असे जे दोन गट लिलावात वेगवेगळे विकण्यासाठी केले आहेत, त्यांत चिमणीची नोंद मोठ्यांत करावी. ती लहान आहे हे मला मान्य आहे. खोटी नोंद करण्याची विनंती करत आहे, याची मला जाणीव आहे.
तेही शक्य नसल्यास जो कोणी मास्तरला घेईल त्याला एवढे सांगावे : हा फक्त डावीकडे वळतो, उजवीकडे ओढला तर पडतो. चाबूक लागत नाही. पायाखाली घट्ट जमीन मिळाली की आपण होऊन चालू लागेल.

उद्या ट्रक यायच्या आत उत्तर मिळाल्यास उपकार होतील, न मिळाल्यास फाटक उघडे ठेवू.

आपल्या कार्यालयाच्या बाकावरून,
नम्र अर्जदार
(माळावरच्या पागेची चालक, नणंदेची सही घेतलेली नाही, तिने नकार दिला)

दिनांक : ट्रकच्या आदल्या दिवशीचा

सोबत :
(अ) खांब, कडीसह. घाणीऐवजी जमा करून घ्यावा. शिपायाने जिन्याखाली ठेवून घेतला आहे. पावती मिळालेली नाही.
(आ) घंटा जोडलेली नाही. ती वापरात आहे.
(इ) मास्तरसंबंधी एक माहिती, जी पंचनाम्यात विचारली गेली नव्हती : आणला त्या दिवशी, गोल चालणे सुरू करण्याआधी, दोर सोडल्यावर, तो कुंपणापर्यंत सरळ चालत गेला होता.