मानेमागचे दोन खळगे

४ मार्च
हिचं डोकं आज पुन्हा दुखतंय. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या. म्हणजे आता जबाबदारी माझ्यावर. व्हिडिओ पाहिला. कवटीच्या खाली, मानेमागे दोन खळगे असतात. तिथे अंगठ्यांनी दाबायचं. दुखणं जागच्या जागी बंद. माझे अंगठे मुळातच दणकट.

५ मार्च, संध्याकाळ
पहिला प्रयोग. दाबता दाबता शिरा, रक्तप्रवाह, सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, बरं वाटतंय, आता पुरे. यश! तरी थोडा वेळ जास्त दाबलं.

७ मार्च
ऑफिसात कॅशियरचं डोकं उठलं होतं. दिवा मालवून टेबलावर डोकं टेकून बसला होता. खळगे दिसायला हवेत म्हणून दिवा लावला. दाबलं. त्याला उलटी झाली. साठलेलं बाहेर पडलं. आभार मानायचं मात्र त्याला सुचलं नाही.

१० मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, लोकांच्या मानेला हात लावू नका. नवी गोष्ट काहींना पचत नाही. यापुढे प्रयोग फक्त घरी. रोज.

१४ मार्च
ही चहा गाळत होती. मागून जाऊन खळगे पकडले. किंचाळली. कप फुटला. थांबलं का, विचारलं. म्हणाली, दुखतच नव्हतं. म्हणजे दुखण्याआधीही चालतं. हे व्हिडिओत नव्हतं.

१५ मार्च
हिला स्पष्टच विचारलं, दाबल्याने बरं वाटतं ना? म्हणाली, तुम्ही थांबलात की वाटतं. परिणाम जरा उशिरा येतो, एवढंच.

१९ मार्च
ही धाकट्या बहिणीकडे गेली. मोठी बॅग नेली. किती दिवस, ते विचारायचं राहिलं. काही हरकत नाही. तेवढ्यात अंगठ्यांचा व्यायाम करून घेऊ.

२३ मार्च, दुपार
फोन केला. मेहुणीने उचलला. हिच्या डोक्याचं विचारलं. म्हणाली, इथे आल्यापासून एकदाही दुखलं नाही. मी म्हणालो, बघ, गुण टिकतो. ती म्हणाली, भाऊजी, ताई आता इथेच राहीन म्हणतेय. मी बरं म्हणालो. आणखी काय म्हणायचं असतं, ते आठवेना.

२४ मार्च
व्यायाम केला नाही. संध्याकाळी भांडी मुद्दाम दणादण आपटत लावली. आतून कुणी ओरडलं नाही. घरात आज कुणाचंच डोकं दुखत नाही.