सशाच्या रक्ताची बाटली

कोपरखैरणे, एप्रिल १९८६

धाकट्या जाईस केशरचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तुझा गुडघा अजून कुरकुरतो का? पत्र नात सुचित्रा लिहितेय. अक्षर तिचं, लाज माझी.

तिच्या प्रयोगशाळेत सशाच्या रक्तातून अँटिबॉडी काढतात. पोट भरल्याचं सांगणारं हार्मोन त्यावरून ओळखू येतं म्हणे. मी म्हटलं, त्याला ससा कशाला, ढेकर पुरे!

तिथला फ्रिज बिघडला म्हणून तिनं त्या रक्ताची बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. संकष्टीच्या नैवेद्याच्या दुधाशेजारी सशाचं रक्त मला बघवेना. बाटली दिवसभर खिडकीत उन्हात ठेवली आणि ती यायच्या आत परत फ्रिजमध्ये.

आता प्रयोग फसलाय, वर्षाची मेहनत गेली. आपलाच हात चुकला म्हणून पोरगी तीन दिवस धड जेवली नाही, आणि मी तोंड मिटून वाढत राहिले. जाई, तिच्या तोंडावर बोलवेना, म्हणून तुझं निमित्त केलं.

तिचं पेन थांबलंय. मी म्हटलं, "लिही, आजीनं केलं. उद्या तुझ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही हेच सांग, मी सोबत येते."

तेवढं लिहून म्हणते, "आजी, आधी वाढ. भूक लागलीय."

उठते. तुझ्या शिव्या कार्डावर धाड. तीच वाचून दाखवेल.

तुझी ताई,
केशर