गॅरेज, रिव्हॉल्वर आणि निमिष यांची व्यवस्था

घडले ते असे.

१. खंडेनवमी बुधवारी होती. आम्ही ती शनिवारी, ४ ऑक्टोबरला, ईडन प्रेरीतल्या माझ्या गॅरेजमध्ये केली. इथे अमेरिकेत सगळे सण शनिवारी येतात.

२. शेजारच्या वॉल्टर यांचे स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्वर त्या सकाळी मी ब्लास्टिंगच्या पेटीत काचेच्या बारीक मण्यांच्या माऱ्याखाली धरून, चमक घालवून मॅट करून दिले. धुऊन, वाळवून ते स्वच्छ फडक्यावर ठेवले. तेल लावायचे बाकी होते. वॉल्टर कॉफी आणायला घरी गेले होते.

३. अवजारांची पूजा करायला राधिका काकू ताट घेऊन आल्या. काकू आईच्या मैत्रीण, दोन घरे सोडून राहतात. त्यांनी कंप्रेसरला, ड्रिलला, ब्लास्टिंगच्या पेटीला आणि मी "काकू, थांबा" म्हणेपर्यंत रिव्हॉल्वरलाही ओल्या बोटाने हळदकुंकू लावले.

४. मण्यांनी स्टीलवर असंख्य सूक्ष्म खळगे पडतात. तेल लागण्याआधी त्यांत जे जाईल ते बसते. हळद बसली.

५. निमिष आत आला. तो दीड वर्षापासून माझा मित्र आहे, आणि मित्रापेक्षा जास्त आहे. एवढ्या काळात तो गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या पुढे कधी आला नव्हता. बंदुकांना तो भितो. त्याने दिवा धरला, मी घासत राहिले. डाग फिका झाला, गेला नाही. पुन्हा मारा करावा लागणार, हवा भरून ठेवायची म्हणून मी कंप्रेसर सुरू केला.

६. कंप्रेसर सुरू असताना निमिष म्हणाला, "पार्सिपनीच्या नोकरीची ऑफर आलीये. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. जाऊ का?" मी म्हटले, "कंप्रेसर बंद कर."

७. त्याने कंप्रेसर बंद केला. प्रश्न पुन्हा विचारला नाही.

८. वॉल्टर कॉफी घेऊन परत आले. त्यांचे बोलणे पुढे येईल. त्यावरून हे मृत्युपत्र लिहायचे ठरले.

आता मृत्युपत्र.

मी, उल्का विनय घैसास, वय एकतीस, कृत्रिम गुडघ्यांच्या पृष्ठभागाची तपासणी करणारी अभियंता, राहणार ईडन प्रेरी, मिनेसोटा, हे लिहिते आहे. प्रकृती ठणठणीत आहे, बुद्धी शाबूत आहे, आणि माझ्यावर कोणी बंदूक रोखलेली नाही. घरात एकच आहे, ती तिजोरीत आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. मन अतिशय आनंदात आहे. आनंदाच्या भरात केलेले मृत्युपत्र ग्राह्य धरतात का, हे वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही, पण चालावे.

इंग्रजी मृत्युपत्र त्यांच्याकडे आहे. दोहोंत फरक आढळल्यास मालमत्तेबाबत इंग्रजी खरे मानावे, माणसांबाबत हे.

कलम १. घर. माझे दोन खोल्यांचे टाउनहाउस, गॅरेजसह, निमिष केळकर याला द्यावे, पण तो तेव्हा त्या घरात राहत असला तरच. पार्सिपनीत राहत असल्यास घर माझा भाऊ कुश याच्याकडे जाईल. यात राग नाही. हजार मैलांवरच्या पार्सिपनीत बसून माझ्या दारातला बर्फ काढता येत नाही, एवढेच.

कलम २. शिल्लक. बँकेतली रक्कम आईला. आई ॲन आर्बरला कुशजवळ असते. ती हे पैसे "उल्कासाठी" म्हणून बाजूला ठेवेल. तोवर उल्का नसणार, हे कुशने तिला दरवेळी शांतपणे समजावून सांगावे.

कलम ३. ब्लास्टिंगची पेटी. समोर काच, खाली दोन लांब हातमोजे आतून बसवलेले, बाजूला कंप्रेसरची नळी. ही पेटी कुशला मिळणार नाही. कारण नोंदवून ठेवते. तीन वर्षांपूर्वी तो नाताळला आला होता. मी कामावर असताना त्याने या पेटीत आपल्या जुन्या सायकलची गंजलेली लोखंडी चौकट घातली. लोखंडाचा भुगा माझ्या मण्यांत मिसळला. पुढच्या महिन्यात माझ्या स्टेनलेस रिव्हॉल्वरवर गंजाचे ठिपके उगवले. मी त्याला फोन केला.

"ताई, it's literally called stainless."

"लोखंडाचे कण त्यात रुतले की ते गंजतात."

"So sue me."

खटला भरायचा नाही असे मी ठरवले. मृत्युपत्रापर्यंत थांबायचे ठरवले.

पेटी निमिषला. तो ती कधी वापरणार नाही, हे मला माहीत आहे. गॅरेजमध्ये पेटी असावी आणि घरात तो असावा, एवढीच व्यवस्था मला अपेक्षित आहे. तरीही कधी हात घातलाच, तर क्रम असा. रिव्हॉल्वर रिकामे आहे हे आधी स्वतः पाहावे, मग दुसऱ्याला पाहायला सांगावे. मुठीच्या लाकडी पट्ट्या काढाव्यात. नळीचे तोंड आणि गोळ्यांची घरे रबरी बुचांनी बंद करावीत, कारण आतला पृष्ठभाग गुळगुळीत राहिला पाहिजे. नंबर आणि कंपनीची अक्षरे टेपने झाकावीत. दाब कमी ठेवावा. हात एका जागी थांबू देऊ नये. तोंडाला मास्क लावावा.

नंबराची गोष्ट मी त्या शनिवारी काकूंनाही सांगितली होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे भांड्यावर घातलेल्या नावासारखंच. नाव पुसलं की भांडं चोरीचं."

"हो काकू. इथे त्याला तुरुंगही आहे."

"भांड्यांनाही असायला हवा. माझे चार डबे मराठी मंडळाच्या गणपतीत गेले ते गेलेच."

मी हे काम का करते, हेही विचारले जाते. पैशांसाठी नाही. पैसे घेतले तर परवाना लागतो, आणि परवाना घेतला तर लोक घाई करतात. मी माझे स्वतःचे रिव्हॉल्वर केले आणि ओळखीच्यांची दोन-चार करून दिली. चकचकीत स्टीलवर मण्यांचा झोत फिरतो आणि चमक एका कडेने विझत जाते. ओरखडे, बोटांचे ठसे, आधीच्या मालकाने हौसेने केलेले पॉलिश, सगळे एका फिक्या राखाडी रंगात जाते. पहिल्या बर्फानंतर आमची गल्ली तशीच दिसते. प्रत्येक वेळी मला हसू येते. पेटीच्या काचेतून ते कोणाला दिसत नाही, ही सोय आहे. निमिषला मात्र दिसले. शनिवारी डाग घासताना मध्ये काच नव्हती. तो दिवा धरून उभा होता तेव्हा म्हणाला, "तू आत्ता हसलीस ना? मीटिंगमध्ये कोणी चुकल्यावर हसतेस तसं नाही. वेगळं."

मी नाही म्हटले. ते खोटे होते. दुरुस्ती इथे करते.

कलम ४. रिव्हॉल्वर. माझे स्वतःचे, सहा गोळ्यांचे, स्टेनलेस, ठिपके काढलेले. निमिष व्हिसावर आहे. व्हिसावरच्या माणसाला ते मी देऊ शकत नाही. तोवर ते कुशने ठेवावे. ठेवावे, वापरू नये, आणि सायकलजवळ तर मुळीच ठेवू नये. निमिषला ग्रीनकार्ड मिळाल्यावर त्याच्या स्वाधीन करावे. तो ते तिजोरीत ठेवेल आणि तिजोरीलाही भिईल. माझ्या माहितीत याहून सुरक्षित माणूस नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. यंदाच्या गणपतीत मंडळातले राजीव काका सगळ्यांसमोर निमिषला म्हणाले, "मजा आहे बुवा तुझी. ग्रीनकार्ड सासरहून." निमिष हसला. त्या दिवसापासून त्याने माझ्यापाशी "राहू का" असा शब्द काढलेला नाही. तो "जाऊ का" विचारतो. मी अमेरिकन नागरिक आहे, तो नाही, म्हणून राहायचे त्याने मागायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले आहे. हा माझा तर्क आहे. पण पुरावे भक्कम आहेत.

आता हिशोब पाहा. मला माझे रिव्हॉल्वर विश्वासू माणसाच्या हाती जायला हवे आहे. असा माणूस एकच आहे. त्याच्या हाती ते जाण्यासाठी त्याला ग्रीनकार्ड लागेल. म्हणजे गरज माझी आहे. त्याची नाही. राजीव काकांनी हे परिच्छेद दोनदा वाचावेत.

कलम ५. राजीव काकांना काही रोख नाही. "मुलींनी रांगोळी काढावी, पिस्तुलं कसली घासता" असे ते दर दिवाळीला म्हणतात. ते पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्वर आहे. हा फरक मी त्यांना वारसा म्हणून देते. त्यावर कर नाही.

कलम ६. वॉल्टर लिंडक्विस्ट आणि राधिका काकू यांना काही नाही. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकीलबाईंचे मत. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सही पण करायची आणि वर उपाशी?" मी जेवायला बोलावले आहे.

कलम ७. माझे शरीर. विद्युतदाहिनी चालेल. भाषणे नकोत. कुशने फोनवर सुचवले, "ताई, ashes तुझ्या त्या blaster मध्ये टाकू? On brand होईल." अस्थींचे कण एकसारख्या आकाराचे नसतात, पृष्ठभाग खडबडीत येईल, असे मी त्याला सांगितले. मग तो म्हणाला, "तू आज इतकी happy का आहेस?" उत्तर कलम ९ मध्ये आहे.

कलम ८. वॉल्टर काय म्हणाले ते. हे कलम नव्हे, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही. वॉल्टर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचे इंग्रजी मी मराठीत देते. त्यांनी रिव्हॉल्वरवरचा पिवळा-लाल ठिपका पाहिला. मी माफी मागितली आणि पुन्हा ब्लास्ट करून देते म्हटले. काकूंनी मध्येच सांगितले, "ब्लेसिंग आहे. टूल्सना देतात. आज वर्षाचा दिवस."

वॉल्टर म्हणाले, "माझ्या बायकोने याला पन्नास वर्षं शिव्या घातल्या. कोणीतरी पहिल्यांदा आशीर्वाद दिलाय. हात लावू नकोस."

मी सांगितले, हळद उन्हाने उडते, खिडकीशी ठेवू नका. ते म्हणाले, "मग खणात ठेवतो. आणि मी गेल्यावर ते तुझं. मृत्युपत्रात तुझं नाव घालून झालंय. तुझं सगळं कोणाच्या नावे आहे?"

मी म्हटले, "अजून काही ठरलं नाही."

निमिष कंप्रेसरची नळी गुंडाळत होता. तो थांबला, मग गुंडाळलेली नळी उलगडून पुन्हा गुंडाळू लागला. काकू म्हणाल्या, "अगं, रिव्हॉल्वरलासुद्धा हळद लागली." त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

कलम ९. आता ठरले आहे. वर ज्याचा उल्लेख नाही ते सगळे निमिषला: पुस्तके, गाडी, सूक्ष्मदर्शक, लाल कॉफीयंत्र, आणि पुढील उत्तर. कंप्रेसर मी बंद करायला सांगितला, कारण त्याच्या आवाजात प्रश्न नीट ऐकू येत नव्हता आणि मला तो शांततेत ऐकायचा होता. आवाज थांबला तेव्हा मी उत्तर घेऊन उभी होते. प्रश्न आला नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहिले. ते असे: जाऊ नकोस. इथे राहा. माझ्याशी लग्न कर. नोकरी इथेही मिळेल. न मिळाली तर मिळेपर्यंत घरात बस आणि माझ्यावर लक्ष ठेव. बोलण्यात मी कच्ची आहे, हे तुला ठाऊक आहे. लिहिलेले मी मागे घेत नाही.

तू गेलास तरी हे मृत्युपत्र रद्द होणार नाही. घर तेवढे कुशला जाईल. तुझ्या वाट्याचे बाकी सगळे तुझेच, कारण दुसऱ्या कोणाला द्यावे असे मला वाटत नाही.

कलम १०. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी निमिष केळकर याला नेमते. त्याने नकार दिल्यास वकीलबाई पाहतील, पण त्यांना कॉफीयंत्र चालवता येत नाही.

वरील सर्व मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिले. साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. काकूंनी सहीआधी सगळे वाचले. वॉल्टरना मराठी येत नाही, त्यांनी फक्त सही पाहिली आणि म्हटले, "शेवटी काहीतरी ठरलं वाटतं."

साक्षीदार:
१. राधिका श्रीधर ओक
२. वॉल्टर लिंडक्विस्ट

सही: उल्का विनय घैसास
स्थळ: ईडन प्रेरी, मिनेसोटा
दिनांक: रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

निमिष, ही प्रत तुझ्यासाठी. व्यवस्थापक व्हायला आणि नवरा व्हायला संमती आहे किंवा नाही, ते मंगळवार, २८ ऑक्टोबरपर्यंत समोर येऊन कळव.