बिअरखाली दडवलेले पाव

सिक्स्टेन,

गाडी मी नेलीय. सामान हॉटेलच्या खोलीतच आहे, घाबरू नकोस. दूध शोधताना आइसबॉक्समध्ये बिअरखाली दडवलेले वेलचीचे पाव सापडले. आपल्या लेकीचे, तूवाचे आवडते! आणि मला म्हणालास, ‘गोथेनबर्गला नुसतं झोपायला थांबतोय.’ मालमोला जायला कुणी तिच्या गावावरून एवढी वाट वाकडी करतं का? लेकीशी भांडले मी, आणि चोरून पाव आणतोस तू!

बोलावल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही, म्हणून आपण दोन वर्षं तिच्या फोनची वाट बघत बसलो. आज मी न विचारताच चाललेय.

उठलास की तिच्या घरापाशी चालत ये. मी गाडीत बसलेली दिसले, तर मुकाट्याने शेजारी येऊन बस. गाडी रिकामी असली, तर जिना चढ.

गुनवोर