हुबेहूब दुनळी

२ सप्टेंबर
दुनळी आली! शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकीची हुबेहूब नक्कल, पण कोरी करकरीत. अक्रोडाचा दस्ता, त्यावर नक्षी. आर्डिस म्हणाली, आता एकाऐवजी दोन बदकं चुकतील. बायको आहे, बोलणारच.

गुडघ्यांमुळे सासरे यंदा तळ्यावरच्या शिकारीच्या आडोशातलं म्होरकेपण सोडणार. ते 'मारा' म्हटल्याशिवाय तिथं कोणी चाप ओढत नाही. हा मान आता दोन जावयांपैकी एकाला. एक मी. दुसरा साडू वेंडल, जो विमा विकतो आणि शिंकतो. इतक्या वर्षांत म्हाताऱ्यानं मला फक्त कॉफी ओतायला सांगितलीय. पण या दुनळीसमोर वेंडल म्हणजे किस झाड की पत्ती!

७ सप्टेंबर
वेंडल टपकला. डोळे दुनळीवर. मग प्रवचन. बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी, स्टीलचे छर्रे कडक, दबत नाहीत. तुझ्या डाव्या नळीचं तोंड, म्हणजे चोक, फार आवळलेला. मोठं स्टील तिथं अडतं नि नळी फुगते. चोक मोकळा करून घे, छर्रे बारीक घे, काडतूस मंद घे. नाहीतर बिस्मथचे मऊ छर्रे वापर. बंदुकीसोबतची पुस्तिका तरी वाच.

मी म्हटलं, अरे, नवी आहे ती! तर म्हणे, हुबेहूब म्हणजे चोकही हुबेहूब, शिशाच्या काळातला.

जळतो मेला.

८ सप्टेंबर
पुस्तिका वाचायचा संकल्प. उद्यापासून.

१४ सप्टेंबर
काडतुसं आणली. स्टील शिशाहून हलकं, म्हणून छर्रा दोन पायऱ्या मोठा घ्यायचा, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी चार पायऱ्या मोठा घेतला. शिवाय दुकानातलं सगळ्यात वेगवान काडतूस. वेंडलनं सांगितलं त्याच्या नेमकं उलट, म्हणजे बिनचूक.

पुस्तिका सापडत नाही.

२१ सप्टेंबर
खाणीत सराव. फ्रिजच्या खोक्यावर बार काढले. खोकं शाबूत, पण आवाज दमदार.

डाव्या नळीच्या टोकाशी अंगठीसारखा उंचवटा हाताला लागतोय. आधीपासूनच असणार. जुन्या धाटणीच्या वस्तूंत असं असतं. आर्डिसनं बोट फिरवलं नि म्हणाली, वेंडलला दाखव.

त्यापेक्षा बंदूक तळ्यात बुडवीन.

२८ सप्टेंबर
हंगामाचा पहिला दिवस. आडोशात सासरे नेहमीसारखे माझ्या डाव्या हाताला, खांद्याला खांदा लावून. हिरव्या डोक्याची बदकं उतरायला लागली. सासरे म्हणाले, मारा.

उजवी नळी: चुकलं. डावी नळी: ठण्ण! बदक तसंच उडत राहिलं. दोन नळ्यांमधली पट्टी मात्र उचकटून उभी, आणि डावी नळी गाभण. वेंडलनं शिंकत शिंकत दोन टिपली.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी सासऱ्यांनी बंदूक हातातून घेतली, खिशातली काडतुसंही मागून घेतली. म्हणाले, लेलंड, माझा कान तिथं होता. एवढंच. आवाज कापत होता. थंडी होतीच म्हणा.

३० सप्टेंबर
बंदूक दुरुस्तीवाला म्हणाला, भिंतीवर छान दिसेल. याला म्हणतात ग्राहकसेवा!

पुस्तिका सापडली. पहिल्याच पानावर लाल ठळक अक्षरांत वेंडलचं सगळं प्रवचन. एवढं मोठं छापलं की माणूस जाहिरातच समजणार.

६ ऑक्टोबर
जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं: वेंडल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, स्वतःच्या वहीत कशाला लपवू? पण त्याला अनुभवी माणूस शेजारी लागणारच. सासऱ्यांच्या मनात तेच असणार.

१२ ऑक्टोबर
परत आडोशात. वेंडलचीच जुनी बंदूक, त्याचीच बारीक छर्ऱ्यांची काडतुसं. त्यानं स्वतः तपासून दिलेली. कसलाही धोका नाही.

मी काडतूस भरलं. सासरे गुडघे धरून उठले, आपला थर्मास घेतला आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, वेंडलच्या पलीकडे जाऊन बसले. रागावले नव्हते.

तसं बरंच झालं. कोपर हलवायला जागा मिळाली.

बदकं आली. वेंडल म्हणाला, मारा. मी मारलं नाही. काडतूस काढलं आणि सासऱ्यांना दिसेल असं बाकावर, त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ठेवलं.

त्यांनी पाहिलं. पण ते तिकडेच बसून राहिले.